इरल्यापासून रेनकोटपर्यंत : सिंधुदुर्गातील प्रवासी पोशाखाच्या थरांचा इतिहास

प्रस्तावना

पोशाखाच्या इतिहासात जात, पंथ, प्रतिष्ठा आणि सणसमारंभ यांना मोठे स्थान मिळते. हवामानाला ते क्वचितच मिळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. त्या मालिकेची रीत समाजवार वर्णनाची आहे. पागोटे कोण कसे बांधतो, लुगडे कोण कसे नेसते, अशा नोंदींना त्या रीतीत सहज जागा मिळते. परंतु आषाढातल्या झडीत चार कोस चालणारा माणूस अंगावर एकावर एक काय घेत असे आणि त्यांपैकी काय कोठे उतरवीत असे, हे मात्र उरलेल्या वस्तू, बोलीतील शब्द आणि चालीरीती यांवरूनच जुळवावे लागते.

प्रस्तुत लेखात मालवण किनारा ते आंबोली घाटमाथा या पट्ट्यातील प्रवासी पोशाखाचा असा विचार केला आहे. या पोशाखातील थर म्हणजे अलीकडच्या पर्यटक दुचाकीस्वारांनी आणलेली नवलाई होय, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. थरांची व्यवस्था येथे दुचाकीच्या कितीतरी आधी होती. मधल्या काळात एस.टी.ने प्रवाशाला छप्पर दिले आणि ती व्यवस्था अनावश्यक ठरली. दुचाकीने ते छप्पर पुन्हा काढून घेतले, तेव्हा जुनी गरज परत आली. परंतु ती गरज भागविणारे साहित्य आणि त्यामागील जाण यांचा धागा तोपर्यंत तुटला होता.

किनारा, घाट आणि हवा

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. एका बाजूस देवगड, मालवण, वेंगुर्ले हे किनाऱ्यावरील तालुके आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची भिंत, असा हा चिंचोळा मुलूख आहे. समुद्रसपाटीवरून निघालेला प्रवासी आंबोलीत सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचतो. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने केवळ उंचीमुळे तापमान चार ते साडेचार अंशांनी उतरते. हा आकडा लहान वाटेल. पण त्यात धुके, वारा आणि वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मिळविला म्हणजे त्याचा अर्थ ध्यानात येतो. सावंतवाडीत घामाने भिजलेला माणूस सुमारे तीस किलोमीटरवर आंबोलीत कुडकुडत उभा राहतो.

हवेचे हे बदल केवळ पावसाळ्यापुरते नाहीत. पौष-माघात पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर खारे वारे उलट दिशेने येतात. म्हणजे एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर, जाताना वेगळी हवा आणि परतताना वेगळी. मच्छीमाराला हे वेळापत्रक पाठ असते, कारण त्याची होडी त्यावर चालते. आश्विनात पाऊस ओसरला की उकाडा वाढतो आणि दुपारी एखादी सर अचानक गाठते. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे शेतकऱ्याने पेरणी-लावणीसाठी लक्षात ठेवली, हे सर्वज्ञात आहे. अंगावर काय घ्यायचे याचाही अंदाज त्याच गणनेतून बांधला जाई, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

इरले, कांबळे आणि खोळ

या मुलखातील पावसाळी पोशाखाची सर्वांत विचारपूर्वक घडविलेली वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा, त्यावर रुंद पानांचे थर आणि पुन्हा कामट्यांची बांधणी, अशी त्याची साधारण रचना असते. ते डोक्यावरून पाठीवर उतरते. भात लावताना वाकलेल्या माणसाची पाठ आणि कंबर त्याखाली कोरडी राहते व दोन्ही हात मोकळे राहतात. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे इरले मुळात थरांचेच आहे. वरच्या पानावरून निसटलेले पाणी खालच्या पानावर येते व ओघळून जाते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की इरले अंगाला चिकटत नाही. अंग आणि आच्छादन यांच्यामध्ये हवा खेळती राहते. बाहेरून पाणी येऊ नये आणि आतून घाम कोंडू नये, या दोन परस्परविरोधी मागण्या त्याने कोणत्याही रसायनाशिवाय एकाच वेळी पुऱ्या केल्या. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. ते शेतासाठी, संथ चालीसाठी आहे. जोराच्या वाऱ्यात ते शिडासारखे उचलले जाते.

लांबच्या वाटेला कांबळे किंवा घोंगडे लागे. या वस्तूचा भूगोल मनोरंजक आहे. कोकणच्या दमट हवेत मेंढी पोसत नाही. सह्याद्रीच्या उतारावरील गवळी धनगरांची संपत्तीही मेंढरे नसून म्हशी ही होती. त्यामुळे लोकर घाटावरची. घोंगडे विणणारे हातही बहुतांशी घाटावरचेच. किनाऱ्यावरून मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढत आणि घाटमाथ्याकडून धान्य, गूळ, घोंगडी खाली उतरत. थंड प्रदेशात तयार झालेला थर उष्ण प्रदेशातील माणूस विकत घेई, तो मुख्यतः पावसासाठी. लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश आणि विणल्यानंतर दिलेली चिंचोक्याची खळ यांमुळे घोंगड्यावरून पाणी बराच वेळ ओघळत राहते. घोंगडे भिजले तरी सुती कपड्यासारखे एकदम गार पडत नाही. एका टोकाला घडी घालून डोक्यावर घेतले की त्याची खोळ होते. उघडले की अंथरूण, दुमडले की बैठक, खांद्यावर टाकले की ओझ्याखालची गादी.

कांबळ्याखाली काय असे, याचे उत्तर थोडक्यात द्यायचे तर फारच थोडे. लंगोटी किंवा आखूड पंचा, क्वचित बंडी, डोक्याला मुंडासे. कमी कपड्यांचा हा पोशाख दारिद्र्याचा निदर्शक होता, यात शंका नाही. परंतु तो तेवढाच नव्हता. उघड्या अंगावरचे पाणी पुसता येते, भिजलेला सदरा वाळविता येत नाही. कोरडा पंचा गाठोड्यात बांधून तो मुक्कामी नेसण्याची चाल याच विचारातून आली असावी. दशावतारी मंडळी हिवाळ्याच्या जत्रांत पेटारे घेऊन एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे पायी जात, तेव्हा रात्रभर रंगभूषेत घामेजलेल्या नटाला पहाटेच्या गारठ्यात हीच कसरत करावी लागे. अंगातला घाम आधी सुकवायचा, मग पांघरायचे. पायी चालणाऱ्याला निसर्गाची एक सवलत मात्र होती. घाट चढताना शरीर स्वतःच ऊब निर्माण करी, आणि वरचा थर चढणीवर नव्हे तर थांबल्यावर लागे.

विसाव्या शतकात या व्यवस्थेत आणखी दोन वस्तूंची भर पडली. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावला होते आणि सावंतवाडी-वेंगुर्ले पट्ट्यातून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा जुनी होती. सुट्टीवर किंवा निवृत्त होऊन येणाऱ्या सैनिकांबरोबर लोकरी जर्सी, कानटोपी आणि जाड ओव्हरकोट गावात आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने १९४३ च्या नमुन्याचा गणवेश थरांच्या तत्त्वावर बांधला. एका जाड कोटाऐवजी अनेक पातळ कपडे एकावर एक घालण्याचा तो विचार होता. ज्या माणसाने पंचा, बंडी आणि कांबळे यांची सांगड घातली होती त्याला हे तत्त्व अपरिचित वाटले नसते. दुसरी वस्तू साधी, पण सर्वव्यापी आहे, ती म्हणजे गोणपाट. ज्याला कांबळे परवडत नाही तो गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून तिची खोळ करी. पुढे गोणपाटाची जागा खताच्या प्लॅस्टिक गोणीने घेतली, आकार मात्र तोच राहिला.

छत्री आणि छप्पर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे छत्रीच्या व्यवसायाचे केंद्र बनले. इब्राहिम करीम अँड सन्स ही पेढी १८६० पासूनची. गिरणीतून गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या हातात ट्रंकेसोबत काळी छत्री आली. शिक्षक, तलाठी, भिक्षुक यांची ती ओळख ठरली. छत्रीने एक हात अडविला, म्हणून शेतकऱ्याने ती शेतात नेली नाही. पण वाटेवर ती प्रतिष्ठेची झाली आणि कांबळे हळूहळू ‘गावंढळ’ ठरू लागले. सोयीपेक्षा प्रतिष्ठा आधी बदलते, याचे हे एक उदाहरण आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढील दशकांत एस.टी. कोकणातील गावागावांत पोहोचली. तिचे सामाजिक परिणाम पुष्कळांनी नोंदविले आहेत. पोशाखावरील परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. प्रवासी आता घर ते थांबा आणि थांबा ते कचेरी एवढ्याच अंतरात पावसात असे. तेवढ्यासाठी छत्री पुरे. गाडीत ताडपत्रीचे पडदे सोडले की घाटातले धुकेही बाहेर राही. त्यामुळे एका पिढीच्या अंगवळणी पातळ टेरिकॉटचा सदरा, पँट आणि छत्री एवढाच पोशाख पडला. हाच पोशाख घालून ही पिढी पुढे मोटारसायकलवर बसली.

दुचाकी आणि वारा

मद्रासला एन्फिल्डचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले आणि साठच्या दशकात राजदूत व जावा या मोटारसायकली आल्या. जिल्ह्यात त्या काळी दुचाकी ही डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार अशा थोड्यांची वस्तू होती. बजाज चेतक आणि लुना या दोन्ही १९७२ च्या. खरा पालट १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० नंतर झाला. कमी इंधनात लांब जाणारी ही चार-स्ट्रोक गाडी विखुरलेल्या वाड्यांच्या, दिवसातून दोनच एस.टी. फेऱ्या असलेल्या मुलखाला मानवली. प्राथमिक शिक्षक, बँकेचा कारकून, पोस्टमन, पाववाला, मासळी विक्रेता हे सारे तिच्यावर आले. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला; त्यानंतर जे बाहेरचे दुचाकीस्वार दिसू लागले ते या क्रमात शेवटचे आहेत.

दुचाकीने हवामान बदलले नाही, वारा बदलला. चालणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटर जातो. ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्याच्या छातीवर शांत हवेतही सेकंदाला सुमारे चौदा मीटर वेगाचा वारा आदळतो. त्याच वेळी तो स्वस्थ बसलेला असतो, म्हणजे चढणीवर चालणाऱ्याला मिळणारी शरीराची ऊब त्याला नाही. भिजलेल्या सदऱ्यातील एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता शोषते आणि तिचा मोठा भाग अंगातूनच जातो. म्हणून पंचवीस अंश तापमानातही ओला स्वार थरथरतो. किनाऱ्यावरच्या माणसाला ‘थंडी’ नव्हती. ती दुचाकीने निर्माण केली, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही.

या नव्या गरजेला पहिले उत्तर घरातच शोधले गेले. छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी, गळ्याला टॉवेल, कानाला मफलर, त्यावर मुंबईहून आलेले जर्किन. कागदाची घडी वारा अडविते आणि ओली झाली की फेकून देता येते. मधल्या थराचे काम इतक्या स्वस्तात करणारी दुसरी वस्तू नाही. फेब्रुवारीच्या सुमारास आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगाने नव्हे, तर देवीच्या कौलाने ठरते. रात्री उकाड्यात गेलेला स्वार पहाटे परतताना गारठतो, म्हणून डिकीत जर्किन घालूनच घराबाहेर पडणे अंगवळणी पडले. ‘विंडचीटर’ हा शब्द मालवणी बोलीतही रुळला आहे. वाऱ्याला फसविण्याची ही कल्पना बोलीने विनातक्रार स्वीकारली.

रेनकोटच्या आतला पाऊस

चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. आरंभीचे ते कापड उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठ होई. रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेने १८४० च्या दशकात हा दोष दूर केला. घाम कोंडण्याचा दोष मात्र राहिला. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग उभा केला आणि ‘डकबॅक’ हे नाव पावसाळ्याशी जोडले गेले. तरीही रेनकोट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो प्लॅस्टिक स्वस्त झाल्यावरच.

ओल्या काजूच्या बागांतून, जांभ्या दगडाच्या कुंपणांमधून प्लॅस्टिकचा रेनकोट घालून जाणारा स्वार बाहेरून कोरडा दिसतो. आत तो भिजलेलाच असतो, फक्त पाणी त्याचे स्वतःचे असते. घाट चढताना वारा लागला की तेच पाणी गार होते. इरल्याने जो प्रश्न सोडविला होता तो रेनकोटने पुन्हा उभा केला.

यावर पाश्चात्त्य उद्योगाने दिलेले उत्तर म्हणजे ‘श्वास घेणारे’ कापड. बॉब गोर यांना १९६९ मध्ये गवसलेल्या सूक्ष्मरंध्री पटलाचे कपडे १९७६ पासून बाजारात आले. पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, घामाची वाफ बाहेर जाऊ शकते, असा त्याचा दावा. दावा खोटा नाही, पण तो कोणत्या हवेत खरा आहे हे पाहिले पाहिजे. वाफ बाहेर जाते ती आत आणि बाहेर यांच्या बाष्पदाबातील फरकामुळे. त्वचेलगतची हवा तेहतीस अंशांची व बाष्पाने भरलेली धरली, तर तिचा बाष्पदाब सुमारे ५० हेक्टोपास्कल येतो. पाच अंशांच्या युरोपीय पावसात बाहेरचा दाब ८ च्या आसपास असतो. मालवणच्या जुलैत, सत्तावीस अंश आणि पंच्याण्णव टक्के आर्द्रतेत, तो ३४ च्या घरात जातो. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर येथे निम्म्याहूनही कमी. महागडे जाकीट आंबोलीत थोडेफार उपयोगी पडते, किनाऱ्यावर फारसे नाही. तंत्रज्ञानाला जन्मभूमीची हवा असते, आणि आयात करताना ती सोबत येत नाही.

साडी, सलवार आणि दुचाकी

या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित प्रवासी म्हणजे स्त्री. वरील सर्व वस्त्रे पँट घालणाऱ्या पुरुषाच्या मापाने विकसित झाली. दोन भागांचा रेनसूट साडीवर चढत नाही. लांब कोट चढतो; पण एका बाजूला पाय सोडून मागे बसले की तो गुडघ्यांवरून उडतो आणि निऱ्या भिजतात. शेतात हीच स्त्री काष्टा घालून इरल्याखाली कोरडी राहू शकत होती. शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका म्हणून रस्त्यावर आल्यावर मात्र तिला पावसापासून संरक्षण देणारा पोशाख उरला नाही. अनेकींनी उपाय काढला तो कोरडी साडी पिशवीत घेऊन जाण्याचा, म्हणजे गाठोड्यातल्या पंच्याचाच. २००० नंतर गिअर नसलेल्या स्कूटरचा प्रसार झाला आणि सलवार-कमीजने हा पेच काही अंशी सोडविला. पण ओढणीचा धोका तेथेही आहेच.

कायद्याने या बाबीची घेतलेली दखल उल्लेखनीय आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार दुचाकीच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आच्छादन आवश्यक ठरले, ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. साडी बदलण्याऐवजी यंत्राला साडीशी जुळवून घेण्यास सांगणारा हा नियम आहे. याउलट १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १२९ ने डोक्यावर आणखी एक थर चढविला. हेल्मेटला झालेला विरोध सर्वत्र सारखाच असला, तरी कोकणात त्याला स्थानिक कारणेही आहेत. दमट हवेत डोके तापते आणि पावसात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा स्वार काच वर करतो आणि थेंब डोळ्यांत घेतो. ही तक्रार आळसाची म्हणून झटकता येत नाही, तसे हेल्मेटही टाळता येत नाही.

इरले रस्त्यावर परत येणार नाही. वाऱ्यापुढे ते टिकत नाही. त्याची जाण मात्र काही स्वारांच्या सवयीत शिल्लक दिसते. एक माप मोठा रेनकोट घ्यायचा, काखेखालची हवेची भोके बुजू द्यायची नाहीत, आत जाड सुती सदऱ्याऐवजी लवकर सुकणारा पातळ कपडा घालायचा, किनाऱ्यावरच्या सडकेवर भुरभुर असेल तर भिजत जायचे आणि कोरडा थर घाटासाठी राखून ठेवायचा. सावंतवाडीहून आंबोलीकडे निघालेले स्वार पायथ्याच्या दाणोलीच्या आसपास गाडी बाजूला घेतात. ओला सदरा काढून पिळतात, डिकीतला कोरडा कपडा घालतात, त्यावर जर्किन, त्यावर रेनकोट, आणि मग चढणीला लागतात. उतरताना त्याच ठिकाणी उलट क्रमाने एकेक थर निघतो.